दोन खोल्या, सहा खाटा आणि एक आडवी रेघ

मे महिन्यातल्या एका रात्री साडेनऊला आमच्या खळ्यात दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांतून एकामागोमाग एक अकरा माणसं उतरली. मी सहा जणांचा स्वयंपाक करून ठेवला होता.

आमचं घर देवबागला. पुढे समुद्र, मागे कर्लीची खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत आम्ही. पाहुण्यांसाठी दोन खोल्या, एकेकीत तीन खाटा. हे पाहुणे बंगळूरचे, त्यामुळे सगळी बोलणी मोबाइलवर, इंग्रजीतून. मी विचारलं होतं, एकच फॅमिली ना? त्यांचं उत्तर होतं, येस, वन फॅमिली. त्यात खोटं काहीच नव्हतं. आजीपासून कडेवरच्या नातवापर्यंत फॅमिली एकच होती.

थोरल्या भावाने खोल्या पाहिल्या आणि अगदी शांतपणे विचारलं, बाकीच्या चार कुठे आहेत?

मग त्याने मोबाइल पुढे धरला. माझंच वाक्य होतं: 'वी हॅव टू थ्री बेड रूम्स.' मला म्हणायचं होतं, तीन खाटांच्या दोन खोल्या. त्याने 'बेड' आणि 'रूम' जोडून वाचलं आणि तीन-तीन बेडरूमची दोन घरं धरली. म्हणजे सहा बेडरूम, अकरा माणसं. हिशेब बरोबर होता त्याचा. भांडायला निघावं असं त्यात काही नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

सासूबाई पडवीतून हे बघत होत्या. सगळं घर त्यांना आये म्हणतं. त्या आत येऊन हळूच म्हणाल्या, "अगो, सहा खाटी नि अकरा माणसां! खंय निजवतलंस?" शेवटी माजघर रिकामं केलं, शेजारच्या वहिनींकडून चार गाद्या आणल्या, पुरुषमाणसं पडवीत झोपली. भात पुन्हा टाकला. सोलकढीत किती पाणी घातलं ते सांगत नाही. पाहुणे भले निघाले, दोन दिवस राहिले, हसतखेळत गेले. पैसे मी दोन खोल्यांचेच घेतले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

मी मूळची मिरजेची. शाळा मराठी, कॉलेज कॉमर्सचं. इंग्रजी वाचते, गरजेपुरतं बोलते, आणि लिहिताना मनातलं मराठी वाक्य इंग्रजीत उतरवते. बहुतेक वेळा भागून जातं.

पावसाळा लागला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही बंद, पाहुण्यांचं नाव नाही. ह्यांचं जाळी दुरुस्त करणं चाललं होतं. मी दुधाच्या हिशेबाची वही उलटी केली आणि आमच्याबद्दल इंग्रजीत जिथे जिथे काही लिहिलं होतं, ते सगळं मागच्या पानांवर उतरवून काढलं. मोबाइलवरची माहिती, फाटकावरची पाटी, मेनूकार्ड. त्यातली ही काही: 'टेन मिनिट्स वॉक टू बीच', 'नाइन्टी इयर्स ओल्ड हाउस', 'थ्री डेज पॅकेज', 'सेव्हन लेयर्स पॅनकेक'. शेवटचं म्हणजे आमचं सातकापे घावणे, नारळ-गुळाचं सारण घातलेलं.

अकरावीतला पुतण्या सुट्टीवर घरी होता. त्याने वही पाहिली आणि जरा तोऱ्यातच म्हणाला, "काकी, हे सगळे एस काढ. आणि मध्ये रेघा मार." कशासाठी, ते त्याला सांगता येईना. व्याकरणाच्या पुस्तकात तसं दिलंय, एवढंच. पुस्तकात नियम दोन ओळींचा होता: संख्या आणि नाम मिळून पुढच्या नामाचं विशेषण होत असेल तर मधलं नाम एकवचनी ठेवायचं आणि दोहोंमध्ये संयोगचिन्ह द्यायचं. टेन-मिनिट वॉक. थ्री-डे पॅकेज. सेव्हन-लेयर पॅनकेक.

नियम कळला, पण पटला नाही. मिनिटं दहा असताना 'मिनिट' एकच कसं? पाठ करत राहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'टेन मिनिट्स वॉक'च लिहिलं.

पटलं ते दोरीवरच्या लुगड्यामुळे. आये नऊवारी नेसतात. त्या त्याला लुगडंच म्हणतात, नऊवारी हा माझ्या तोंडचा शब्द. पावसाने उघडीप दिली म्हणून दोघी मिळून ते ओलं लुगडं पिळून दोरीवर टाकत होतो. दोन टोकं दोघींच्या हातात, आणि मी मनात वार मोजत होते. नऊ वार. पण साडी 'नऊ वारांची' असं कोण म्हणतं? साडी नऊवारी. दोन शब्द एकमेकांना चिकटले, शेवटी 'ई' लागली, आणि मोजायचे वार संपून साडीचा प्रकार झाला. मग एकेक आठवत गेलं. तीन मजले, पण इमारत तीनमजली. चार पदर, पण रस्ता चौपदरी. दहा अवतार, पण नाटक दशावतारी. 'तीनमजले इमारत' म्हटलं तर शाळेतलं पोरही हसेल.

आम्ही शब्द जोडून 'ई' लावतो, इंग्रजीवाले मध्ये आडवी रेघ मारतात. काम एकच.

मग माझी चूक नेमकी कुठून येते तेही दिसलं. 'दहा मिनिटांची वाट', 'नव्वद वर्षांचं घर', 'तीन दिवसांची सहल' असं आपण षष्ठी लावून बोलतो आणि तिथे 'मिनिटां', 'वर्षां', 'दिवसां' हे अनेकवचन स्पष्ट ऐकू येतं. ते अनेकवचन मी इंग्रजीत उचलून नेत होते. वाक्य षष्ठीच्या साच्यातलं, इंग्रजीला हवा होता नऊवारीचा साचा. त्या दिवसापासून लिहिण्याआधी मी मनात एक अगडबंब मराठी शब्द बनवते: दहामिनिटी वाट, नव्वदवर्षी घर, तीनखाटी खोली. कानाला विचित्र लागतात, पण बोट आपोआप रेघेकडे जातं.

त्या भरात मी पुढची चूक केली. नवी माहिती लिहिताना ठोकून दिलं, 'अवर हाउस इज नाइन्टी-इयर-ओल्ड.' पुतण्याने डोक्याला हात लावला. विशेषण नामाच्या आधी बसलं तरच रेघ आणि एकवचन. क्रियापदाच्या पलीकडे गेलं की सगळं सुटं: 'द हाउस इज नाइन्टी इयर्स ओल्ड', इथे एस हवा आणि रेघ नको. 'अ नाइन्टी-इयर-ओल्ड हाउस' म्हटलं तर दोन रेघा. एकच रेघ मारून 'ओल्ड' मोकळा सोडणंही चूक, तोही त्याच गाठीतला.

मालवणच्या किल्ल्याबद्दलची वाक्यं याच तराजूत घातली. सिंधुदुर्गाचा पाया शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये घातला. 48 एकरांचं बेट, तीस फूट उंचीची तटबंदी. आता लिहिते, 'अ 48-एकर सी फोर्ट', पण 'द फोर्ट कव्हर्स 48 एकर्स'. 'थर्टी-फूट वॉल्स', पण 'द वॉल्स आर थर्टी फीट हाय'. फूट आणि फीट एकाच ओळीत आले की अजूनही हात थबकतो.

या 'फूट'ची गोष्ट नंतर वाचली तेव्हा मी एकटीच हसले. जुन्या इंग्रजीत मोजमाप सांगताना संख्येपुढचं नाम षष्ठीच्या अनेकवचनात यायचं, फूटचं रूप 'फोता'. बोलता बोलता शेवटचा स्वर झिजला आणि 'फूट' उरलं, एकवचनासारखं दिसणारं. म्हणजे कधीकाळी तेही आपल्यासारखंच 'दहा फुटांची काठी' म्हणत होते. मी जी षष्ठी वहीत खोडत बसले होते, ती त्यांच्याकडे आधीच झिजून गेली होती.

आणि पुरती गेलीही नाही. 'टेन मिनिट्स वॉक' असंच मी एका चांगल्या हॉटेलच्या माहितीपत्रकात पाहिलं आणि पुतण्याला दाखवायला धावले. त्याने स्क्रीन मोठी करून दाखवली. एसनंतर वर एक बारीक टिंब होतं, अपॉस्ट्रॉफी. ती षष्ठीच, दहा मिनिटांची चाल. तिथे एस चालतो, रेघ चालत नाही, पण टिंब हवंच, आणि सुरुवातीला 'अ' घालायचा नाही. 'अ टेन-मिनिट वॉक' किंवा टिंबवाला 'टेन मिनिट्स वॉक', दोन्ही बरोबर. माझ्या पाटीवर ना रेघ होती ना टिंब. मी रेघच ठेवली. टिंब पाटीवर दिसत नाही आणि आमच्याकडच्या पावसात टिकत नाही.

मुलांच्या दराची ओळही चुकली होती. दोन पाच वर्षांची मुलं असतील तर? 'टू फाइव्ह-इयर-ओल्ड्स.' इथे एस परत आला, पण 'इयर'ला नाही, सगळ्या गाठीच्या शेवटी. दोन नऊवाऱ्या वाळत घातल्या म्हणतो तसंच, अनेकवचन वाराचं नाही, साडीचं. आये म्हणाल्या, "पाच वर्साच्या पोरांचे पैशे घेतंस तरी कित्याक?" तर ती ओळच काढून टाकली.

बाकी बारीकसारीक. किलोमीटर अक्षरांत लिहिला तर 'ट्वेल्व्ह-किलोमीटर ड्राइव्ह', पण 12 किमी असं आकडा आणि खूण वापरून लिहिलं तर रेघ नको. टक्क्यांनाही नको, 'टेन पर्सेंट डिस्काउंट' सुटंच. दोन प्रकारच्या खोल्या एकदम सांगायच्या तर 'टू- अँड थ्री-बेड रूम्स', पहिल्या आकड्याला रेघ लोंबकळत ठेवून. हे लिहिताना मला दर वेळी वाटतं की काहीतरी खायचं राहिलंय. बंदीच्या दिवसांत पाहुणे मासे का मिळत नाहीत विचारतात, त्यांच्यासाठी 'अ सिक्स्टी-वन-डे बॅन' लिहिलं. त्यात दोन रेघा, एक आकड्याची स्वतःची आणि एक गाठीची. ही मला न विचारता जमली, म्हणून मुद्दाम सांगितली.

रेघ कुठे मारायची याने केवढा फरक पडतो ते मात्र पुतण्यानेच दाखवलं. त्याने वहीत लिहिलं, 'ट्वेंटी फोर सीटर बोट्स', आणि विचारलं, किती माणसं बसतील? मी म्हटलं, एकेकीत चोवीस. त्याने फोर आणि सीटरमध्ये रेघ मारली: चार जणांच्या वीस होड्या, एकूण ऐंशी माणसं. मग ट्वेंटी आणि फोरमध्येही मारली: चोवीस जणांच्या होड्या, किती ते माहीत नाही. हे जाळं विणत बसले होते, तिथूनच म्हणाले, "वीस होड्ये असते तर मी हंय बसान जाळां विणलं असतंय?"

गणपतीच्या आधी पाटी नवी करायला मालवणहून पेंटर आणला. तो अक्षरावर पैसे घेतो. मी कागद दिला: 'टू थ्री-बेड रूम्स. अ टेन-मिनिट वॉक टू द बीच.' त्याने अक्षरं मोजली आणि विचारलं, "ह्ये रेघो कसले?" मी म्हटलं, त्या हव्यातच. तो म्हणाला, रेघांचे पैसे नाहीत, पण शब्द तोडल्यासारखे दिसतात, बरं दिसत नाही. पहिल्या खेपेला त्याने रेघ बोटभर लांब ओढली, दोन्हीकडे मोकळी जागा सोडून. पाटी वाचताना वाटायचं, 'थ्री' म्हणून कुणीतरी थांबलंय आणि मग 'बेड रूम्स' आठवलंय. म्हणजे पुन्हा तीच बेडरूम. मी ती पांढऱ्या रंगाने बुजवून घेतली आणि आखूड रेघ, दोन्ही अक्षरांना चिकटून, समोर उभी राहून काढवली. उन्हात नीट बघितलं तर आधीची अजून दिसते.

दिवाळीत पुण्याचं एक कुटुंब आलं. त्यांनी फोनवर आधीच मराठीतून विचारलं, "तीन खाटांच्या दोन खोल्या ना?" आम्ही हो म्हटलं. इंग्रजी वाचून विचारलं की सवयीने, ते मी विचारलं नाही.

मोबाइलवरची माहिती सगळी बदलली, पाटी झाली. मेनूकार्डं राहिली आहेत. गेल्या वर्षी छापलेली, अजून बऱ्यापैकी गठ्ठा शिल्लक आहे. ती संपेस्तोवर घावण्याला 'सेव्हन लेयर्स'च राहणार. पुतण्या म्हणाला, पेनाने एस खोडून रेघ काढून देतो, एका कार्डाला एक रुपया. मी पन्नास पैसे म्हटलंय.