करंगळी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवाव्यात, असे पत्र आले तेव्हाच मी ठरवले की स्नेहसंमेलन, सहल आणि पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी यांवर इतर माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. दहावीच्या वर्षी ज्या गोष्टीने मला रात्री जागे ठेवले आणि जिचा हिशेब मी पुढे तीस वर्षे रेल्वेच्या इंजिनात बसून मांडत राहिलो, तिच्याविषयी लिहिणारा मात्र मी एकटाच असेन. ती गोष्ट म्हणजे तुंबलेली लघवी. विषय स्मरणिकेच्या गुळगुळीत कागदाला शोभणारा नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु सरांपुढे कधीही करंगळी वर केली नाही असा एकही विद्यार्थी या शाळेतून बाहेर पडला नसेल, म्हणून संकोच बाजूला ठेवतो.

मी १९८९ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली. शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांवरची रेल्वेगाडी, त्या काळी वाफेच्या इंजिनावर चालत असे आणि दारव्ह्याकडे जाताना तिने दिलेली शिटी आमच्या वर्गापर्यंत ऐकू येई. डिसेंबर लागला की गणिताचे सर दहावीच्या मुलांना रात्रीच्या अभ्यासासाठी शाळेतच मुक्कामाला बोलावत. मुले डबा, सतरंजी आणि गोधडी घेऊन येत. वीज असली तर दिव्याखाली आणि नसली तर कंदिलाभोवती बसत. यांतील निम्मी मुले सुटीच्या दिवशी वावरात कापूस वेचून किंवा तुरीच्या पेंढ्या वाहून आलेली असत, त्यामुळे नऊ वाजले की एकेक मान पुस्तकावर झुकू लागे. डोळ्यांना गार पाणी लावणे, उभ्याने वाचणे, एकमेकांना चिमटे काढणे, हे सर्व उपाय आम्ही करून पाहिले होते आणि त्यांचा गुण पंधरा मिनिटांपलीकडे टिकत नव्हता.

उपाय सांगितला तो माझ्या आजाने. ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरांपासून ती राखण्यासाठी तो माळ्यावर जागलीला जात असे आणि पहाटेपूर्वी डुकरे येण्याच्या वेळी त्याला हमखास जाग येई. मी झोपेची तक्रार केल्यावर तो म्हणाला, “दोन गडवे पाणी पे अन् नीज. मंग कोंबडाबी लागत नाही अन् घड्याळबी लागत नाही. आंगच उठवते.”

त्याच रात्री दहा वाजता मी दोन गडवे पाणी पिऊन झोपलो आणि अडीचच्या सुमारास जागा झालो. बाहेर जाऊन आलो तेव्हा गारठ्याने झोप पार उडालेली होती. सर्व वर्ग घोरत असताना मी एकटा कंदिलाजवळ बसून बीजगणिताचा एक पूर्ण स्वाध्याय सोडवला. आज यामागचे कारण मला ठाऊक आहे. मूत्राशयात साधारण दीडदोनशे मिलिलिटर साठले की त्याच्या ताणलेल्या भिंतीतून कण्यामार्गे मेंदूकडे पहिली सूचना जाते आणि चारशे-पाचशेच्या आसपास ती दुर्लक्षिता येईनाशी होते. रात्री शरीर एका संप्रेरकाच्या साहाय्याने लघवी कमी तयार करते, म्हणून एरवी आपण सकाळपर्यंत झोपू शकतो; पण वर दोन गडवे पाणी ओतले आणि जानेवारीच्या थंडीची त्यात भर पडली की तो बंदोबस्त पुरा पडत नाही. आजाला यातले काहीच ठाऊक नव्हते, पण त्याचा अंदाज घड्याळाच्या गजरापेक्षा फारसा चुकत नसे.

येथपर्यंत सर्व ठीक होते. बिघडवले ते माझ्या हुशारीने. जी गोष्ट झोपेतून उठवते, ती उठल्यावर अंगात तशीच ठेवली तर झोप जवळ फिरकणारच नाही, असा तर्क मी लढवला आणि जाग आल्यावरही बाहेर न जाता मांडी घट्ट आवळून वाचायला बसू लागलो. गंमत म्हणजे पहिला अर्धा तास याचा खरोखरच फायदा होई. इकडेतिकडे पाहण्याची, शेजाऱ्याशी बोलण्याची इच्छा मरून जाई आणि इतिहासाच्या सनावळ्या एका दमात पाठ होत. मी ही युक्ती मित्रांना सांगितली. आठवडाभरात वर्गाचे दृश्य असे झाले की सात-आठ मुले गुडघ्याला गुडघा लावून, दातओठ खात पुढेमागे झुलत वाचत आहेत आणि मध्येच एखादा पुस्तक टाकून मागच्या कडुनिंबाकडे धाव घेत आहे. मुलांत एकाएकी एवढी तळमळ कोठून आली, हे सरांना काही दिवस उमगले नाही.

पूर्वपरीक्षेत भूमितीच्या पेपरला मी मुद्दाम पाणी पिऊन बसलो. पहिल्या तासात माझी लेखणी अशी धावली की पुढच्या बाकावरच्या मुलाने माझ्याकडे दोनदा वळून पाहिले. दुसऱ्या तासात मात्र एकच प्रमेय मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्यातील पक्ष कोणता व साध्य कोणते हे लक्षात राहिले नाही. शेवटच्या अर्ध्या तासात कोनांची बेरीज चुकली, क्षेत्रफळात आठ साते चोपन्न झाले आणि दोन उपप्रश्न सोडवायचेच राहिले, कारण माझे सर्व चित्त घंटेकडे लागले होते. करंगळी वर करण्याची मुभा असताना मी ती केली नाही, हे विशेष.

उत्तरपत्रिका परत देताना सरांनी मला थांबवून घेतले.

“कारे, आठ साते चोपन्न कधीपासून झाले?”

“सर, लागली होती.”

“मग उठून का गेला नाहीस?”

“झोप येऊ नये म्हणून धरून ठेवली होती, सर.”

सर रागावतील असे मला वाटले होते, पण ते खुर्चीवर बसून बराच वेळ हसले आणि मग मला साऱ्या युक्तीची हकिकत पहिल्यापासून सांगायला लावली. आजाचे सांगणे त्यांना पटले. “तुझ्या आज्याने उठायला सांगितले होते, धरून बसायला नव्हे. तो उठल्यावर काय करत होता, ते विचार त्याला,” असे ते म्हणाले. मी विचारले. आजा उठे, माळ्यावरून खाली उतरे, बांधावर मोकळा होई, मग टिन बडवत वावराला एक फेरी घाली. दुसऱ्या दिवसापासून रात्रीच्या अभ्यासाला सरांचा नवा नियम झाला: जाग आली की आधी बाहेर, तोंडावर पाणी, शाळेला एक चक्कर आणि मग पुस्तक.

बऱ्याच वर्षांनंतर माझ्या मुलीने मला वाचून दाखवले की लघवी धरून ठेवल्याने डोके कसे चालते, या प्रश्नावर परदेशात रीतसर संशोधन झाले आहे आणि २०११ साली त्याला इग नोबेल हा पुरस्कारही मिळाला आहे. आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला तो देतात. नेदरलँड्समधील अभ्यासात काहींना ७०० मिलिलिटर आणि काहींना अवघे ५० मिलिलिटर पाणी पाजले आणि उद्या १६ युरो घ्याल की ३५ दिवसांनी ३० युरो, असे विचारले. ज्यांना लघवीची घाई होती ते थांबून मोठी रक्कम घेण्याकडे अधिक झुकले. एक ओढ आवरणारा मनुष्य दुसरीही आवरतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्याच पुरस्काराचे वाटेकरी ठरलेल्या दुसऱ्या गटाने आठ निरोगी व्यक्तींना दर पंधरा मिनिटांनी पाव लिटर पाणी पाजून असह्य होईपर्यंत थांबवले, तेव्हा त्यांचे अवधान आणि तात्पुरती स्मरणशक्ती चोवीस तास जागरण केल्याइतकी ढासळलेली आढळली. माझ्या भूमितीच्या पेपरचा पहिला तास आणि तिसरा तास यांत मला दोन्ही निष्कर्ष मिळाले होते, फक्त पुरस्कार मिळाला नाही. २०११ च्याच डिसेंबरमध्ये ब्रसेल्सच्या रात्रभर चाललेल्या वाटाघाटींत ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनीही एकाग्रतेसाठी हाच उपाय केल्याचे वृत्तपत्रांत आले होते. त्यांना माझा आजा भेटायला हवा होता.

नोकरीत ही युक्ती युक्ती उरली नाही. मालगाडीच्या इंजिनात वर्षानुवर्षे शौचालय नसे; अलीकडे काही इंजिनांत ते बसवू लागले आहेत. रात्री गाडी कोठे थांबेल हे सिग्नल ठरवतो, त्यामुळे आम्ही पाणी मोजून पितो. इंजिनात सतर्कतेचे एक यंत्र असते. सुमारे मिनिटभर चालकाने काहीच हालचाल केली नाही तर आधी दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही दाद मिळाली नाही तर ब्रेक आपोआप लागतात. ते यंत्र चालक जागा आहे की नाही एवढेच तपासते, त्याचे लक्ष कोठे आहे हे त्याला कळत नाही. एका रात्री बडनेऱ्याच्या अलीकडे मी टक्क जागा होतो, यंत्राला वेळेवर दाद देत होतो, आणि तरीही समोरचा पिवळा सिग्नल आधी माझ्या सहायकाने पुकारला. मी दोन तास लघवी धरून होतो आणि मनात फक्त पुढच्या थांब्याचा विचार होता. गाडी वेळेत हळू केली, काही बिघडले नाही. पण त्या क्षणी मला आठ साते चोपन्न आठवले. तेव्हापासून गाडी लूप लाइनवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, थांबली आणि नियमाने मुभा असली की मी आधी खाली उतरतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या तुकडीचे स्नेहमीलन झाले, तेव्हा मी ही सर्व कथा रंगवून सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. एक वर्गमैत्रीण मात्र शांतपणे म्हणाली, “तुम्ही जागं राहायला पाणी पीत होते. आम्ही शाळेत यायचं म्हणून सकाळपासून पाणीच पीत नव्हतो.” मुलींसाठी त्या काळी आडोसाही नव्हता. अकरा ते पाच त्या तशाच बसत. पाचव्या तासाला त्या फळ्यावरचे उतरवून घेताना चुकत, तेव्हा सर त्यांना ‘लक्ष कोठे आहे’ असे विचारत आणि त्या खाली मान घालत. मी त्यांच्यापासून दोन बाकांवर पाच वर्षे बसलो आणि लघवीचा एवढा अभ्यास करूनही हे माझ्या ध्यानात आले नाही. करंगळी वर करणाऱ्या मुलींची आठवण मी त्या रात्री घरी परतताना पुष्कळ काढून पाहिली. एकही हात आठवला नाही.

गेल्या पावसाळ्यात शाळेत गेलो होतो. मागचा कडुनिंब तोडलेला नाही. त्याच्या शेजारी आता पक्के स्वच्छतागृह आहे आणि त्याच्या दोन बाजू केलेल्या आहेत. मधली सुटी संपून वर्ग भरले होते, म्हणून शिपाईबाईंना विचारून मी मुलींच्या बाजूला डोकावून पाहिले. दाराला आतून कडी होती आणि नळ सोडल्यावर पाणी आले.