स्पीकर फाटलाय

गेल्या मंगळवारी दुपारी प्लंबर आला होता. सिंकखालच्या कपाटात कमरेपर्यंत घुसून त्याचं काहीतरी चाललं होतं, आणि बाहेरच्या खोलीत मी ओ. व्ही. राइट या अमेरिकन सोल गायकाची जपानमधली लाइव्ह रेकॉर्ड लावून बसलो होतो. पाचेक मिनिटांनी कपाटातून आवाज आला, "काका, स्पीकर फाटलाय तुमचा. बदलून घ्या."

स्पीकर दिवाळीत घेतलेला. अजून त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा मी पूर्ण काढलेलं नाही. पण त्याला काय सांगणार, की बाबा रे, फाटलाय तो माणूस? "बघतो," म्हटलं आणि आवाज थोडा कमी केला.

तसा त्याचा काही दोष नाही. मी स्वतः पंधरा-सोळा वर्षं असंच समजत होतो. ही रेकॉर्ड माझ्याकडे आली ती हॉस्टेलवर, कॅसेटच्या रूपात. एका मित्राचा थोरला भाऊ बोटीवर होता, त्याने जपानमधून आणलेली. तिची कॉपी मित्राने केली, त्या कॉपीची मी केली. त्यात माझ्या डेकचं हेड कधी पुसलेलं नसायचं. म्हणजे गाण्याच्या आधी मिठात शेंगदाणे भाजल्यासारखी खरखर, मग लांब कुठेतरी ड्रम, आणि त्या सगळ्याच्या वर एक घशात काटा अडकल्यासारखा पुरुषी आवाज. वरच्या पट्टीत गेला की चरचरायचा. मी मनात म्हणायचो, कधीतरी चांगली प्रत मिळाली पाहिजे, काय गात असेल हा!

मग कधीतरी सीडी मिळाली. खरखर गेली. ड्रम जवळ आले, बास ऐकू यायला लागला. आणि वरच्या पट्टीत तो तसाच चरचरला. कॅसेटवर उगाच आळ घेतला होता मी इतकी वर्षं.

तसं रेकॉर्डिंग साफ प्रतीतही मला काही फार थोर वाटत नाही. साथीला अमेरिकेतल्या मेम्फिस शहराची हाय ऱ्हिदम सेक्शन, म्हणजे हॉजेस बंधू वगैरे वादक मंडळी. हीच मंडळी निर्माता विली मिचेलच्या रॉयल स्टुडिओत वाजवतात तेव्हा प्रत्येक ठोका कसा ताटात वाढल्यासारखा समोर येतो. तो स्टुडिओ म्हणजे एक जुनं थिएटर, जमीन अजून उतरती, पडद्याकडे जाणारी. इथे जपानमधल्या स्टेजवर तेच लोक जरा पांगल्यासारखे वाटतात. गाणाऱ्या माणसाकडे लक्ष ठेवून वाजवताहेत की काय, अशी मला शंका येते. अर्थात ही माझी शंका.

साल 1979. राइटचा जन्म 1939 च्या ऑक्टोबरचा, म्हणजे जेमतेम चाळिशी. ऐकताना सत्तरीचा वाटतो. टेनेसीतला, लहानपणापासून चर्चमध्ये गाणारा. 1964 मध्ये त्याने 'दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव्ह इज' गायलं, ते ओटिस रेडिंग या दुसऱ्या सोल गायकानेही गायलं, आणि जगाच्या लक्षात राहिलं ते रेडिंगचं. इकडे ह्यूस्टनच्या डॉन रोबी या रेकॉर्ड कंपनीवाल्याने जुना करार पुढे केला आणि राइटला आपल्या लेबलवर ओढून नेलं. पुढे 'एट मेन, फोर विमेन' आलं. त्यात त्याला स्वप्न पडतं, आठ पुरुष आणि चार बायकांची ज्युरी बसलीय आणि प्रेम केल्याबद्दल त्याला दोषी ठरवतेय. 'अ निकेल अँड अ नेल' मधे तर खिशात फक्त पाच सेंटचं नाणं आणि एक खिळा. असली गाणी गाणाऱ्याचं पुढे काय होणार? ड्रग्ज, तुरुंग, तब्येत. 1978 मध्ये त्याचा जपान दौरा ठरला होता, तो ऐनवेळी जाऊ शकला नाही आणि त्याच्या जागी ओटिस क्ले हा दुसरा सोल गायक गेला. क्लेची त्या दौऱ्यातली लाइव्ह रेकॉर्ड कुणालाही हातात द्यावी अशी आहे. ठणठणीत. मी लावतो मात्र ही, राइटची पुढच्या वर्षीची.

यात माझ्या बाबांचा हात असावा.

बाबांकडे एक आडवा टेपरेकॉर्डर होता, पुढे पियानोसारखी बटणं असलेला. आमच्या आळीच्या गणपतीत एक दिवस गाण्याचा असायचा, आणि वर्गणीत बसणारे गायक बहुधा उतरणीला लागलेलेच असत. बाबा पहिल्या रांगेत. मोटरची घरघर येऊ नये म्हणून टेपखाली चार घड्या घातलेला टॉवेल. माझं काम बॅटरी मारून कॅसेटच्या खिडकीत किती टेप उरली ते बघणं. डावीकडचं भेंडोळं बारीक होत जायचं, उजवीकडचं फुगत जायचं, आणि मी बाबांना बोटांनी मिनिटं दाखवायचो. त्यांचा अंगठा कायम पॉझवर. टेप महाग, त्यामुळे तंबोरे लावताना पॉझ, गायक खोकला की पॉझ, अध्यक्ष उठले की पॉझ. आणि टाळ्या सुरू झाल्या रे झाल्या की पॉझ. "टाळ्यांवर कशाला टेप घालवायची? त्या काय कुठेही मिळतात."

त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या मैफिली एकाही श्रोत्याशिवाय झालेल्या आहेत. भैरवी संपते, खट्ट, आणि पुढच्या वर्षीचा यमन सुरू.

एका वर्षी एक बाई आल्या होत्या. तोंडात खडीसाखर, मांडीवर शाल. तार षड्जावर गेल्या आणि आवाज फुटला. सरळ दोन तुकडे. त्या थांबल्या, तबलजीकडे बघून हसल्या, पदराने ओठ टिपले आणि म्हणाल्या, "गेल्या साली होता हो इथे." मांडव असा काही खदखदून हसला, टाळ्या पडल्या, आणि त्या परत वर चढल्या. या वेळी लागला. मी बॅटरी विझवून त्यांच्याकडेच बघत राहिलो म्हणून बाबांची चापट खाल्ली.

कॅसेटवर यातलं काय आहे? आवाज फुटतो, खट्ट, अभंग. कारण परत पॉझ सोडायचं बाबा विसरले. टाळ्या वाजवत होते. हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

आणि मी अजून टाळ्यांसाठी लाइव्ह रेकॉर्डी ऐकतो. स्टुडिओतला राइट कितीतरी सरस आहे, हे मला कळतं. पण तिथे त्याला कोणी वा म्हणत नाही.

"झालं काका," प्लंबर हात पुसत बाहेर आला. वॉशर गेला होता. दोनशे रुपये. दारात थबकून त्याने स्पीकरकडे पाहिलं. "हा माणूसच असा गातो होय?"

"हो."

"आजारी आहे का?"

"होता."

जपानहून परतल्यावर पुढच्याच वर्षी, 1980 च्या नोव्हेंबरमध्ये, राइट हृदयविकाराने गेला. एक्केचाळिसाव्या वर्षी. मेम्फिसमधल्या त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला 2008 साल उजाडावं लागलं. इतकी वर्षं ते नुसतंच गवत.

दार लावून आलो तर गाणं संपलं होतं आणि जपानी लोक टाळ्या वाजवत होते. मी आवाज परत वाढवला.