तुम्ही विचारलंत म्हणून: प्राध्यापकांचा पगार कोण वाढवतं?

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत हा प्रश्न मला हटकून येतो. कधी भाजी घेताना, कधी लग्नाच्या पंगतीत. "काकू, कॉलेजात सगळ्यांचे पगार तुम्हीच काढत होता की! मग चांगलं शिकवणाऱ्याला जास्त आणि नुसता वेळ काढणाऱ्याला कमी, असं का नाही?" पुण्यात कंपनीत असलेला भाचा तर दर दिवाळीला विचारतो. त्याची वाढ त्याचा मॅनेजर ठरवतो, म्हणून त्याला आमची पद्धत खुळी वाटते. कर्नाटकच्या सीमाभागातल्या एका सरकारी पदवी महाविद्यालयाच्या कार्यालयात पगारबिलं करण्यात माझी सारी नोकरी सरली, तेव्हा एकदा नीट सांगते.

वाढ मी ठरवत नव्हते. प्राचार्य नाहीत, कुलगुरूही नाहीत. ती ठरते सरकारने ठरवून दिलेल्या पगाराच्या कोष्टकावर. सध्याचं कोष्टक १ जानेवारी २०१६ पासूनचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, चौहान समितीने शिफारशी केल्या, केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये वेतनश्रेणी कळवली, मग राज्यांनी आपापले आदेश काढले. आपल्या कर्नाटकात आदेश २०१९ मध्ये आला, म्हणजे तीन वर्षांची थकबाकी माणशी काढत बसायची.

नवा सहायक प्राध्यापक विद्यापीठात लागो की सरकारी कॉलेजात, मूळ पगार ५७,७००. दरवर्षी ३ टक्के. पुढच्या वर्षी ५९,४००, मग ६१,२००, मग ६३,०००. कोष्टकावर बोट ठेवायचं आणि एक घर खाली सरकायचं. कोष्टकात अशा घरांचे वेगवेगळे स्तर असतात; वरच्या स्तरात जाताना जरा जास्त वाढ मिळते. पीएच.डी. असेल तर ४ वर्षांनी, एम.फिल. असेल तर ५, दोन्ही नसेल तर ६. समजा कुणी ६४,९०० वर आहे. त्याला आधी एक वाढ देऊन ६६,८०० धरायचे आणि वरच्या स्तरात तेवढं किंवा त्याच्या पुढचं घर शोधायचं. तो स्तरच ६८,९०० पासून सुरू होतो, म्हणून ६८,९००. सर्व्हिस बुकात, म्हणजे माणसाच्या नोकरीच्या नोंदवहीत, ही ओळ लिहिताना मी कोष्टकावर पट्टी धरायचे. एक घर चुकलं तर माणूस वर्षानुवर्षं ते नुकसान सोसतो.

आदेश सगळे कन्नडमधून. वार्षिक वाढीला कन्नडमध्ये 'वार्षिक वेतन बड्ती' म्हणतात आणि आपण ज्याला बढती म्हणतो तिला 'मुंबड्ती'. चंदगडकडून आलेले एक नवे सर पहिल्या वर्षी शिपायाने वाचून दाखवलेला 'बड्ती' शब्द ऐकून, बढतीच झाली समजून, कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊनच माझ्या टेबलाशी आले. मी त्यांना खुर्ची दिली, कागद समोर ठेवला आणि एकेक शब्द लावून दाखवला. कुंदा सगळ्यांनी खाल्ला. १,७०० रुपयांची का होईना, वाढ झालीच होती की.

आता चांगल्या-वाईटाचं. मला विचाराल तर कोष्टक आहे तेच बरं. शिकवणं चांगलं की वाईट हे मोजायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. यूजीसीच्या २०१० च्या नियमांनी एपीआय नावाचे गुण आणले: परिषदेला इतके, शोधनिबंधाला इतके. झालं काय, तर टेबलावर फायलींचे ढीग लागले. ज्यांचा वर्ग पोरं कधी चुकवत नसत, असे एक सर प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढत हिंडताना मी बघितलेत. वर्गातलं त्यांचं बोलणं त्या फायलीत कुठे बसणार? २०१८ च्या नियमांत कॉलेजांपुरता तो गुणांचा खेळ आवरता घेतला, हे योग्यच झालं. आणि कोष्टकाची खरी ताकद दुसरीकडे आहे. वाढीसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. भाषेवरून, गावावरून, जातीवरून माणसाकडे बघण्याची सवय असलेल्या आपल्या भागात मराठी शिकवणाऱ्याला आणि कन्नड शिकवणाऱ्याला एकच घर मिळतं, ही मोठी गोष्ट आहे. भाच्याला हे पटत नाही. न पटू दे.

पण मला कुणी विचारत नाही तो प्रश्न वेगळा आहे. कोष्टकात ज्यांचं नावच नाही त्यांचं काय? सरकारी पदवी कॉलेजांतून हजारो अतिथी, म्हणजे तात्पुरते नेमलेले, प्राध्यापक शिकवतात. २०२२ पर्यंत यूजीसीची पात्रता असलेल्याला महिन्याला १३,००० मिळत. त्याच वर्गात, त्याच फळ्यावर, कायम माणसाच्या मूळ पगाराच्या चौथ्या हिश्शालाही ते पुरे पडत नव्हते. वाढ कधी? त्यांचे राज्यभर वर्गांवर बहिष्कार आणि धरणं झाली तेव्हा, जानेवारी २०२२ मध्ये. पात्रता आणि ५ वर्षांहून जास्त अनुभव असलेल्याला ३२,००० ठरले. सोबत आठवड्याचे तासही १५ झाले.

आमच्याकडे मराठीचे २० तास दोन अतिथी मिळून घेत होते, १०-१० करून. नव्या हिशेबात एकाला १५ तास मिळाले, उरलेले ५ कायम असलेल्या सरांकडे गेले. खानापूरहून बसने येणाऱ्या मॅडमांना जागा उरली नाही. अकरा वर्षं त्या येत होत्या. दर सत्राला नवी नेमणूक, सत्र संपलं की ती संपली, म्हणून त्यांचं सर्व्हिस बुक कधी उघडलंच नव्हतं. अनुभवाचा दाखला घ्यायला आल्या तेव्हा मी हजेरीची जुनी रजिस्टरं काढून एकेक सत्र मोजलं. दाखला एका पानात झाला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, यात पगार लिहायचा असतो का?"

"गरज नाही," मी म्हटलं आणि शिक्का मारला.