आमच्या भागातला बॅडमिंटन क्लब

आज आमच्या भागातील बॅडमिंटन क्लबच्या दुहेरी सामन्यांना रेषापंच म्हणून बसलो होतो, पण रेषेपेक्षा माझे लक्ष खेळायला आलेल्या माणसांकडेच अधिक होते. ज्या पुण्यात ब्रिटिश लष्करी अधिकारी एकोणिसाव्या शतकात हा खेळ खेळत आणि ज्या गावाच्या नावावरून त्याला काही काळ ‘पूना’ असेच म्हटले जाई, त्याच पुण्यात आज निवृत्त बँक कर्मचारी, दुकान सांभाळून येणाऱ्या वहिनी आणि दहावीची मुले एकाच कोर्टावर जोडीने उतरतात, हे पाहून बरे वाटले. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी 1956 साली क्वालालंपूरला विजेतेपद मिळवले, त्या काळी अशी सरमिसळ किती ठिकाणी दिसत असेल, कोण जाणे!

खरी अडचण शटलची आहे. सोळा पिसांपैकी एक जरी मोडले तरी शटल हवेत डगमगू लागते, आणि वर्गणीचा मोठा भाग त्यातच जातो. म्हणून नवशिक्यांना नायलॉनचे शटल आणि सामन्यांपुरते पिसांचे, अशी व्यवस्था आमच्याकडे आहे. एक काकू तर प्रत्येक गुणानंतर विस्कटलेली पिसे बोटांनी सरळ करूनच सर्व्हिस करत होत्या.

सामन्यांनंतरच्या बैठकीत सकाळची एक वेळ फक्त महिलांसाठी राखण्याचा विषय निघाला, तेव्हा काही जुन्या सभासदांनी नाके मुरडली. मला तो विरोध मुळीच पटला नाही आणि तसे मी तेथेच सांगितले. निर्णय पुढच्या बैठकीत होईल.