आईचं डायलिसिस, काळी माती आणि बॅटरीची गाडी

आईचं डायलिसिस सुरू झालं आणि आमच्या घरात नव्या गाडीचा विषय निघाला. गाव आर्णीच्या पुढे, दवाखाना यवतमाळला. जाऊन-येऊन १०० किलोमीटर, आठवड्यातून दोनदा, मग पेरणी असो की पोळा. दारात २०१५ची डिझेल गाडी होती. एका सोमवारी अर्ध्या रस्त्यात तिचा क्लच गेला. आईला काळीपिवळीत बसवून नेलं, पोचायला तास-दीड तास उशीर झाला. त्या रात्री मी जुन्या बिलांची पिशवी घेऊन बसलो.

तीन वर्षांत क्लचप्लेट, दोन इंजेक्टर, टर्बोचा पाइप, सेल्फ, शिवाय ऑइल-फिल्टर चालूच. बेरीज ८४ हजार झाली. पण एक गोष्ट मला त्या बिलांतच दिसली. यातलं एकही काम आर्णीच्या बाहेर गेलं नव्हतं. जास्तीत जास्त तिसऱ्या दिवशी गाडी दारात उभी.

नवी छोटी डिझेल गाडी आता मिळणं कठीण. एप्रिल २०२०मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ हे कडक नियम लागू झाले तेव्हा मारुतीनं डिझेल बंदच केलं. ज्या डिझेल गाड्या उरल्या त्यांच्यात धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, आणि सावकाश, छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो. म्हणजे निवड पेट्रोल की इलेक्ट्रिक, एवढीच राहिली.

आमच्या मिस्त्रीला इलेक्ट्रिकबद्दल विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, त्या गाडीत बिघडाले हायेच काय? ना ऑइल, ना क्लच, ना बेल्ट. पन बिघडलीच तं म्या काई नाई करू शकत, हे आधीच सांगून ठेवतो." मला याहून खरा सल्ला कोणी दिला नाही.

शोरूममध्ये सगळे किलोमीटरला किती पैसे पडतात तेच सांगत होते. महिन्याला आमचं १५०० किलोमीटर होतं. जुन्या गाडीला डिझेलचे साडेआठ हजार लागायचे. विजेच्या युनिटला सात किलोमीटर आणि वरच्या स्लॅबचे १५ रुपये धरले तरी विजेचे सव्वातीन हजारच. हे मी घरीच मांडलं होतं. मला वर्कशॉपच्या काउंटरवर बोलायचं होतं. तिथं विचारलं, पांदणीत खालून दगड लागून बॅटरीची पेटी चेपली तर? ते वॉरंटीत नाही, विम्यात बघावं लागेल. ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, त्यानंतर बॅटरी गेली तर? त्यांनी जो आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीच्या जवळपास निम्मा होता. सुटा भाग मागवायला किती दिवस? यावर नीट उत्तर मिळालं नाही. ते उत्तर न मिळणं मी हिशेबात धरलं.

शेवटी गाडी इलेक्ट्रिकच घेतली. पण जुनी डिझेल विकली नाही. ९० हजाराला मागत होते. ती गोठ्याशेजारी झाकून ठेवली, दर रविवारी सुरू करतो. आईच्या बाबतीत मला तीन आठवडे पार्टची वाट बघणं परवडणारं नाही. ज्याच्या घरी एकच गाडी आणि असा दवाखाना आहे, त्याला मी आजही पेट्रोलच सांगतो.

चौदा महिन्यांत १९ हजार किलोमीटर झाले. सर्व्हिसचे सगळे मिळून साडेसहा हजार. ब्रेकपॅड अजून पहिलेच आहेत, कारण गाडी हळू करताना मोटरच बराचसा वेग ओढून घेते. टायर मात्र डिझेलपेक्षा लवकर झिजताहेत. गाडी वजनाला भारी आहे.

बंद पडली ती एकदाच, मे महिन्यात, दवाखान्याच्या आवारात. आई बाहेर येऊन उभी, वर ४५ अंशांचं ऊन, आणि गाडीचा दरवाजाही उघडेना. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली होती. गेली होती ती १२ व्होल्टची लहान बॅटरी, डिझेल गाडीत असते तसलीच. ती मेली की मोठी बॅटरी जोडलीच जात नाही. शेजारच्या बॅटरीवाल्यानं चावीनं दार उघडलं, दुसऱ्या बॅटरीवरून जंपर केबल लावली आणि दहा मिनिटांत गाडी सुरू. नवीन बॅटरीचे साडेपाच हजार गेले. आता जंपर केबल डिक्कीत असते, आणि उन्हाळ्यापूर्वी ती बॅटरी तपासून घेतो.

दुसरा त्रास गाडीचा नव्हताच. चार्जरचा दिवा रात्री लाल व्हायचा. वायरमननं बघून सांगितलं, अर्थिंग कमजोर. घरामागे सात फूट खड्डा खणला, पाइप, कोळसा आणि मीठ घातलं; हिवाळाभर काही अडलं नाही. एप्रिलच्या शेवटी काळ्या मातीला भेगा पडल्या, एकीत माझी बोटं आत जात होती, आणि दिवा पुन्हा लाल. जमीन सुकली की अर्थिंग धरत नाही. आई खाटेवरून म्हणाली, "खड्ड्यात पानी टाकून पाह्य ना रे." दोन बादल्या ओतल्या. पाणी सुऽऽ करत आत गेलं, मी परत येऊन प्लग लावला. दिवा हिरवा झाला. तेव्हापासून उन्हाळ्यात डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी तुळशीला पाणी घालून झालं की दोन बादल्या तिकडे जातात.