पन्नास हर्ट्‌झचा मारिओ : जुन्या टीव्ही गेमची कामाची वही

आधी बातमी सांगतो. मशीन चालू झालं, चित्र स्वच्छ येतंय आणि मारिओचा वेग मोजून झाला. या सगळ्या खटाटोपाचं मूळ कारण तो वेगच होता, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. मशीन म्हणजे नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत आलेला तो टीव्ही गेम, निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये विक्रीला आला. आपल्यापर्यंत पोचली ती त्याची भावंडं : सामुराई, मीडिया, लिट्ल मास्टर, आणि ज्यांच्यावर काहीच नाव नव्हतं अशी कितीतरी. आमच्याकडचं मशीन बिननावाच्यांपैकीच. बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून घेतलं होतं. दोन रिमोट, एक बंदूक, अ‍ॅडॅप्टर आणि एक पिवळी कॅसेट, जिच्यावर नव्याण्णव लाखांच्या वरचा आकडा छापलेला. आत खेळ मोजकेच. तेच खेळ वेगवेगळ्या नावांनी यायचे, कधी तिसऱ्या स्टेजपासून सुरू, कधी लाइफ जास्त. आम्हाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. कुठल्या नंबरवर कुठला मारिओ आहे हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

वेगाची शंका

लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून मारिओ मी बरीच वर्षं खेळत होतो. दरवेळी काहीतरी बोचायचं. पहिल्या स्टेजमधला खड्डा कधी उडी मारून ओलांडायचा हे अंगठ्याला माहीत आहे, पण अंगठा उशिरा पडायचा. वय झालं, अशी मी समजूत करून घेतली होती.

ताईने ते पकडलं. ती लहानपणापासून पेटी वाजवते. दिवाळीत माहेरी आली होती, मी खेळत होतो, ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, हे गाणं एवढं पळतंय का? आपल्याकडे असं नव्हतं."

मी म्हटलं, "तेच गाणं आहे ताई, त्याच कॅसेटमधलं."

"सूर तोच आहे रे. लय वाढलीये. आणि आवाजही जरा वेगळाच लागतोय."

तिची तिन्ही निरीक्षणं तंतोतंत खरी निघाली. सूर तोच, लय वेगळी, आवाजाचा पोत वेगळा. प्रत्येकामागे मशीनच्या आतलं एकेक कारण आहे.

जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचे, आपले पाल पद्धतीचे टीव्ही ५० वेळा. हेच ते ६० आणि ५० हर्ट्‌झ. त्या काळातले खेळ घड्याळ बघत नसत, चित्रं मोजत. एक चित्र रंगवून झालं की प्रोसेसरला इशारा मिळतो, मग मारिओ एक पाऊल पुढे, गाणं एक पाऊल पुढे. सेकंदाला चित्रंच ५० असतील, तर सगळा खेळ सहातला एक हिस्सा सावकाश होतो. निन्टेन्डोने युरोपात मारिओ विकला तेव्हा ५० हर्ट्‌झसाठी खेळात बदल करून दिले होते. आपल्या पिवळ्या कॅसेटमध्ये मात्र ६० हर्ट्‌झसाठी लिहिलेला खेळ तसाच भरलेला होता, आणि तो ५० वर चालत होता.

मग सूर का उतरला नाही? इथे नक्कल बनवणाऱ्यांच्या हुशारीला दाद द्यावीशी वाटते. मूळ यंत्रात २१.४७७ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल (यंत्राला ठोके देणारा स्फटिक) असतो आणि त्याला १२ ने भागून प्रोसेसरचा वेग येतो, १.७८९ मेगाहर्ट्‌झ. पाल क्रिस्टल २६.६०१७ मेगाहर्ट्‌झचा. निन्टेन्डोच्या युरोपीय यंत्रात त्याला १६ ने भागलं आहे, त्यामुळे प्रोसेसर १.६६३ वर येतो. आवाज त्याच घड्याळावरून निघतो, म्हणून तिथे न बदललेला खेळ लावला तर सूरही खाली जातो. नकलांच्या चिपमध्ये त्याच क्रिस्टलला १५ ने भागलं. उत्तर येतं १.७७३, म्हणजे मूळ वेगाच्या अगदी जवळ. फरक एक टक्क्याच्या आतला. म्हणून सूर जागेवर राहिला आणि लय तेवढी उतरली. चित्राच्या ओळीही अशा वाढवल्या आहेत (२६२ च्या ३१२) की चित्र रंगवून झाल्याचा इशारा उशिरा येतो आणि जपानी खेळ न अडखळता चालतात. रशियात १९९२ पासून विकलं गेलेलं डेंडी नावाचं मशीन याच घडणीचं होतं, म्हणून एम्युलेटरमध्ये या प्रकाराला डेंडी म्हणतात.

आपलं लहानपण त्या सेटिंगमध्ये आहे. एम्युलेटर आपण होऊन ६० वर उघडतो, आणि आपल्यापैकी बहुतेक जण तोच खरा वेग धरून चालतात. मारिओचे संगीतकार कोजी कोंडो यांनी लिहिलेला वेग तोच आहे, हे मान्य. पण माझ्या हातांनी शिकलेला खेळ तो नाही, आणि मला माझ्या हातांचा खेळ परत हवा होता. त्यासाठी जुनं मशीनच चालू करून मोजायला हवं होतं.

वीज आणि सफाई

माळ्यावरून काढलं तेव्हा अ‍ॅडॅप्टर नव्हता. नवा ९ व्होल्टचा लावण्याआधी मल्टिमीटरने पिनची दिशा तपासली. हे सगळ्यांना कळकळीने सांगतो : या मशीनांत कुठे मधली पिन अधिक असते, कुठे उणे, त्यामुळे अंदाजाने लावू नका. आत ७८०५ रेग्युलेटर आहे, तो ९ चे ५ व्होल्ट करतो. माझा शाबूत होता. शेजारचा मोठा कपॅसिटर फुगला होता, तो बदलला. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कपॅसिटर, एव्हीची सॉकेटं, वायर, सगळं एका फेरीत मिळालं. दुकानातल्या काकांनी जुना कपॅसिटर हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि व्होल्टेज एक पायरी वरचं घ्या म्हणाले. घेतलं.

कॅसेटच्या ६० पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस लावून पुसल्या. आपण सगळे फुंकर मारायचो. फुंकरीने पिना दमट होतात आणि कालांतराने गंजतात. कॅसेट चालायची ती पुन्हा काढून घातल्यामुळे, कारण त्यात पिना घासल्या जात आणि कनेक्शन जुळत असे.

रिमोटचं काम सोपं. बटणांखालच्या रबरावरचा काळा कार्बन एका रिमोटमध्ये पार झिजला होता. रविवारच्या जुन्या बाजारात एक मोडका रिमोट सापडला, त्यातली रबरं काढून बसवली. डावीकडचं बटण अजून थोडं जड आहे.

चित्र

या भागात सगळ्यात जास्त वेळ गेला. मूळ मशीन अँटेनाच्या वायरने जोडायचं. टीव्हीच्या झाकणाआडची चिमुकली चाकं फिरवत चॅनेल लावायचं, मुंग्यांतून मारिओ उगवायचा. तेव्हा तीच मजा होती, आता मला चित्र स्वच्छ हवं होतं. आत पत्र्याची छोटी डबी असते, मॉड्युलेटर. तिच्यात चित्राची आणि आवाजाची अशा दोन वायरी जातात आणि तिथून एका चॅनेलवर मिसळून बाहेर पडतात. डबीत शिरण्याआधीच त्या दोन्ही काढून घ्यायच्या आणि पिवळ्या-पांढऱ्या सॉकेटला द्यायच्या. चित्राच्या वायरीला मध्ये एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लागतो, नाहीतर चित्र फिकट येतं. उभ्या रेघा दिसत होत्या, त्या वायर आखूड केल्यावर बऱ्याच गेल्या.

टीव्ही नातेवाइकांकडून मिळाला, २१ इंची जुना डबा. ते टाकूनच देणार होते. तो मी स्वतः उघडला नाही आणि तुम्हीही उघडू नका. पिक्चर ट्यूबचा टीव्ही बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट राहू शकतात. ओळखीच्या टीव्ही मेकॅनिक काकांकडे नेला. त्यांनी फोकस जुळवून दिला आणि विचारलं, "ह्याच्यावर बघणार काय तुम्ही?" मी मशीन दाखवलं. मग ते बराच वेळ आमच्याबरोबर टँक खेळत बसले.

एवढा सव्यापसव्य कशाला, एलसीडीला जोडलं की झालं, असं कोणी म्हणेल. जोडून बघा. या मशीनचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. बरेच नवे टीव्ही त्याला अर्ध्या-अर्ध्या ओळींचं चित्र समजून जोडायला जातात, त्यात कडा विस्कटतात आणि बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत उशीर होतो. बंदूक तर चालतच नाही. डक हंटमध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला सेन्सर त्याच क्षणी उजेड दिसतो का ते बघतो. टीव्हीने चित्र थोडंही उशिरा दाखवलं तर खेळ नेम चुकला असंच धरतो. डब्यावर आमची बंदूक पहिल्याच चापाला चालली.

मोजणी

मारिओमध्ये वरती जो टाइम असतो, त्याचा एक आकडा २४ चित्रांनी उतरतो. पहिल्या स्टेजमध्ये तो ४०० पासून सुरू होतो आणि १०० वर घाईचं संगीत वाजतं. म्हणजे ३०० आकडे, ७२०० चित्रं. ६० हर्ट्‌झवर हे दोन मिनिटांत व्हायला हवं, ५० वर १४४ सेकंदांत. मारिओला सुरुवातीच्या जागीच उभा ठेवायचा, पडदा सरकला नाही की कोणी अंगावर येत नाही, आणि स्टॉपवॉच लावायचं. दुसरं कुठलंही उपकरण नको, त्यामुळे ही चाचणी मला फार आवडली.

आमच्या मशीनवर काटा दरवेळी १४४ च्या आसपास थांबला. ताईला लगेच फोन केला. ती म्हणाली, "मग मी काय सांगत होते?"

आवाजाच्या पोताचाही उलगडा झाला. या चिपमध्ये आवाजाच्या पाच वाटा आहेत, त्यातल्या दोन चौकोनी लहरींच्या. त्या लहरींची रुंदी खेळ ठरवतो. काही नकलांच्या चिपमध्ये २५ आणि ५० टक्क्यांच्या रुंदींची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे तोच सूर जास्त भरीव किंवा जास्त नाकातला लागतो. आमच्या मशीनमध्ये ती अदलाबदल आहे. मेसेन एम्युलेटरमध्ये रीजन डेंडी केलं, ड्यूटी सायकल (म्हणजे तीच लहरींची रुंदी) बदलण्याचा पर्याय चालू केला, आणि लॅपटॉप व मशीन शेजारी ठेवून ऐकलं. आता दोन्हीतला फरक मला सांगता येत नाही. सेटिंग करायला मिनिटभर लागतो. ज्यांच्याकडे मशीन उरलं नाही त्यांनी आजच करून बघा, आणि आपल्या आठवणीतल्या उडीला अंगठा कसा पडतो ते अनुभवा.

खेळून काय वाटलं

मारिओ सावकाश झाल्यावर सोपा वाटेल असं वाटलं होतं. तसं नाही. नेहमीचा लागतो. अंगठा पडतो तिथेच मारिओ उडतो.

खरा आनंद टँकचा. नामकोचा बॅटल सिटी १९८५ चा, आपल्याकडे तो बहुधा टँक १९९० या बदललेल्या रूपात आला. खाली विटांच्या कोटात गरुड, तो दोघांनी मिळून वाचवायचा. आपली गोळी जोडीदाराला लागली तर तो काही क्षण जागीच थिजतो. आमची निम्मी भांडणं त्यावरून व्हायची. गुरुवारी लाइट नसायचे, तेव्हा ताई पाटीवर विटांचे नकाशे काढून ठेवायची आणि लाइट आले की ते खेळातल्या कन्स्ट्रक्शनमध्ये (स्वतःचा नकाशा मांडायच्या सोयीत) उतरवायची. परवा तिने तसाच एक नकाशा न बघता मांडला. गरुडाभोवती पाण्याची रांग, डावीकडे एक फट सोडलेली. ती फट माझ्यासाठी होती, मी कायम डावीकडून खेळायचो. हे मला माहीतच नव्हतं.

कॉन्ट्रा या गोळीबाराच्या खेळात गर्दी झाली की माणसं लुकलुकतात. एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवण्याची चिपची मर्यादा आहे, म्हणून खेळ त्यांना आळीपाळीने दाखवतो. एम्युलेटरमध्ये ही मर्यादा उठवता येते. मी उठवत नाही. लुकलुक वाढली की पडद्यावर नक्की किती गोळ्या आहेत हे डोळ्यांआधी अंगाला कळतं, आणि ५० हर्ट्‌झवर ते आणखी स्पष्ट होतं.

पुढचं काम

पिवळ्या कॅसेटमधल्या चिपची नक्कल काढून ठेवायची आहे. आतली चिप काळ्या डांबरी थेंबाखाली आहे, त्यामुळे ती सुटी काढता येणार नाही, साठ पिनांवरूनच वाचावी लागेल. चिप वाचणारं सर्किट जमवतोय. एक रोड फायटरची कॅसेट मात्र अजून दाद देत नाही, पिना स्वच्छ असूनही करडा पडदा येतो.

आणि एक विनंती. ज्यांच्याकडे तेव्हाचं बंद पडलेलं मशीन आहे, त्यांनी वीज काढून, झाकण उघडून क्रिस्टलवर काय छापलंय ते बघावं आणि मशीनवरच्या नावासह कळवावं. २६.६०१ असेल तर ते आमच्याच वेगाचं. २१.४७७ निघालं, तर त्या घरातली मुलं लहानपणापासून साठवर खेळत होती, आणि त्यांना ६० चा मारिओ पळतोय असं कधीच वाटलं नसेल. अशा कोणाला भेटायला मला फार आवडेल. टँकसाठी दुसरा रिमोट तयार आहे.