नववी पायरी

ग्लायकोलिसिस म्हणजे पेशीद्रव्यात ग्लुकोजचं विघटन होऊन पायरुविक आम्ल मिळणं, एवढं लिहिलं की दहावीला गुण मिळत. आमच्या विज्ञानाच्या बाईंचं त्यावर समाधान होत नसे. फळ्याच्या एका टोकाला ग्लुकोज, दुसऱ्या टोकाला पायरुवेट (म्हणजे तेच पायरुविक आम्ल) लिहून त्या विचारायच्या, "मधे काय झालं?"

मग दहा पायऱ्या. ग्लुकोज-६-फॉस्फेट, फ्रुक्टोज-६-फॉस्फेट, आणखी एक फॉस्फेट जोडलं की सहा कार्बनची साखळी दुभंगून तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे. यातलं फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट लंडनच्या हार्डन आणि यंग या शास्त्रज्ञांना यीस्टच्या रसात सापडलं. १९०५ च्या सुमाराची गोष्ट. मंदावलेल्या रसात फॉस्फेट टाकलं की किण्वन पुन्हा जोर धरी, आणि टाकलेलं फॉस्फेट साखरेला जोडलेलं मिळे. ही गोष्ट बाई इतक्या रंगून सांगत की तास संपल्याची घंटा नकोशी वाटे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलो तेव्हा त्या मधल्या नावांची खरी किंमत कळली. साध्या बल्बमध्ये, म्हणजे रक्त घेण्याच्या नळीत, रक्त तसंच ठेवलं तर रक्तपेशी त्यातली साखर खात राहतात. तासाला साधारण ५ ते ७ टक्के. म्हणून शुगर तपासायची तर फ्लोराइड घातलेला बल्ब. फ्लोराइड एनोलेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं, म्हणजे २-फॉस्फोग्लिसरेटचं फॉस्फोइनॉलपायरुवेट होऊ देत नाही. ही नववी पायरी! वरच्या आठ चालूच राहतात, मधली संयुगं तुंबत जातात, आणि पहिला तास-दोन तास ग्लुकोज घटतच राहतं. त्यामुळे फ्लोराइड बल्बमध्ये घेतलं म्हणून सॅम्पल निवांत ठेवून चालत नाही, प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पेशींविना द्रव भाग, लवकर वेगळा करावा लागतो. नव्या मुलांना हे शिकवताना मी आधी दहा पायऱ्या काढतो. नुसतं "लवकर कर" म्हटलेलं महिन्याभरात विसरतात. साखर कुठे अडते ते एकदा पाहिलेलं विसरत नाहीत.

आणखी एक सांगायलाच हवं. तांबड्या पेशीत १,३-बिसफॉस्फोग्लिसरेट या याच पायऱ्यांमधल्या संयुगापासून एक फाटा फुटतो आणि २,३-बिसफॉस्फोग्लिसरेट तयार होतं. तेच हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतं. रक्तपेढीत साठवलेल्या रक्तात ते घटत जातं, आणि रुग्णाच्या शरीरात गेल्यावर दोन-तीन दिवसांत भरून येतं. हा फाटा बाईंनी फळ्यावर काढला नव्हता, पण तो जिथून फुटतो ती जागा त्यांच्यामुळे मला पाठ होती.